ऑइल खाणारी परफॉर्मन्स कार: मोजमापापासून पिस्टन रिंगपर्यंत

दोन सर्व्हिसच्या मध्येच डॅशबोर्डवर ऑइलचा पिवळा दिवा लागला की बहुतेक मालक दोनपैकी एका टोकाला जातात. कुणी म्हणतो, ‘टर्बो गाडी आहे, थोडं ऑइल खाणारच,’ आणि लिटरभर ओतून विसरून जातो. कुणी घाबरून गाडी थेट गॅरेजला लावतो, इंजिन उघडायला परवानगी देतो आणि लाखांत बिल भरतो. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. ऑइल नेमकं किती जातंय आणि कुठून जातंय, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

हा लेख त्यासाठीच आहे. क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवला आहे आणि तो मोडू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पिस्टन रिंग बदलल्यावर कळावं की दोष एका फाटलेल्या रबरी पडद्याचा होता, यापेक्षा वाईट काही नाही. (डॅशबोर्डवरचा दिवा लाल असेल तर मात्र पुढचं वाचत बसू नका. पिवळा दिवा पातळी कमी झाल्याचं सांगतो, लाल दिवा दाब गेल्याचं. लाल दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.)

ऑइल जातं कसं

सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर राहावाच लागतो, नाहीतर पिस्टन घासेल. त्या थरातला थोडा अंश प्रत्येक वेळी जळतो. बीएमडब्ल्यूच्या ई९२ पिढीच्या एम३ मधलं व्ही८ इंजिन ८,००० आरपीएमच्याही वर जातं; त्या वेगाला प्रत्येक पिस्टन सेकंदाला १३० पेक्षा जास्त वेळा वरखाली होतो. साहजिकच भिंतीवरून जळणारं ऑइलही वाढतं. त्यात घर्षण कमी करण्यासाठी रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या, भिंतीला टेकणाऱ्या कड्यांचा) ताण कमी ठेवलेला असतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून थंड असताना त्यांच्याभोवती फट जास्त सोडलेली असते. टर्बो असला की त्याच्या बेअरिंगला तेच ऑइल जातं, आणि बूस्टमुळे (टर्बोने दाबून भरलेल्या हवेमुळे) रिंगांच्या खाली निसटणारा वायूही वाढतो.

माझदा आरएक्स-८ सारखी रोटरी इंजिनाची गाडी असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे रोटरच्या टोकाची सील ओली राहावीत म्हणून एक पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो. ऑइल कमी होणं हे तिथे तब्येत बरी असल्याचं लक्षण आहे.

‘नॉर्मल आहे’ म्हणजे नेमकं काय

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीच्या अनेक गाड्यांच्या हँडबुकात १,००० किलोमीटरला ०.५ लिटरपर्यंत ऑइल जाऊ शकतं, असं छापलेलं असतं. सर्व्हिस ॲडव्हायझर ‘नॉर्मल आहे’ म्हणतो तेव्हा तो हाच आकडा मनात धरून बोलतो. हिशेब करून बघा. १५,००० किलोमीटरच्या सर्व्हिस अंतरात त्या दराने साडेसात लिटर ऑइल लागेल. याच समूहाच्या १.८ आणि २.० टीएसआयच्या दुसऱ्या पिढीच्या इंजिनात मुळात मावतंच साधारण ४.६ लिटर! म्हणजे संपमधलं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतलं) सगळं ऑइल जळून जाईल आणि वर पुन्हा निम्म्याहून जास्त लागेल. हा आकडा वॉरंटीच्या भांडणात रेघ ओढण्यासाठी आहे. ती रेघ ओलांडली नाही म्हणजे इंजिन निरोगी आहे, असं मी तरी मानत नाही.

आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. तीन वर्षं १,००० किलोमीटरला २०० मिली खाणारं इंजिन मला चालतं. मागच्या वर्षी ५० मिली खाणारं यंदा २५० वर गेलं असेल, तर ते आकड्यात बसत असूनही मी त्याच्या मागे लागेन.

आणि मागे लागायचं कारण केवळ ऑइलचा खर्च नाही. ऑइलमधलं फॉस्फरस आणि राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) बसून तो हळूहळू निकामी करतात. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात ऑइलचे थेंब कम्बशन चेंबरमध्ये ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात. कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की हे होतं आणि त्याने पिस्टनची कड तुटू शकते. एपीआयचे (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे) एसएन प्लस (२०१८) आणि एसपी (२०२०) हे ऑइलचे दर्जे याच कारणाने आले.

पायरी १: पातळी नीट वाचा

अर्धे गैरसमज इथेच निर्माण होतात. गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार चालत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं असावं, मग बंद करून पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे हेडमधलं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा आणि दोन्ही बाजू पाहा. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर कमी असलेली खरी. मोजण्याची वेळ, जागा आणि थांबण्याची मिनिटं दर वेळी तीच ठेवा.

काही गाड्यांची पद्धत निराळी असते. ई९२ एम३ मध्ये डिपस्टिकच नाही, सेन्सरवर अवलंबून राहावं लागतं. बी८ पिढीच्या अनेक ऑडी ए४ मध्ये डिपस्टिकच्या नळीवर फक्त झाकण असतं आणि पातळी स्क्रीनवर दिसते. मापाची पट्टी वर्कशॉपकडे असते. ड्राय संपच्या (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) जुन्या पोर्शे ९११ मध्ये इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचं असतं. बंद करून मोजलं तर चुकीची पातळी दिसते आणि माणूस नको इतकं ऑइल भरतो. जास्त भरणं हाही दोषच आहे. क्रँक (पिस्टनच्या खाली फिरणारा दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि ते ऑइल ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, जाऊन जळतं. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं ऑइल इंजिन ‘खातं’ आणि मालक पुन्हा वरच्या खुणेच्या पुढे भरतो, असं चक्र मी बऱ्याच गाड्यांत पाहिलं आहे.

पायरी २: वजनकाट्यावर मोजा

डिपस्टिकवरच्या खुणांवरून ‘अंदाजे अर्धा लिटर’ म्हणणं पुरेसं नाही. पद्धत साधी आहे. ऑइल वरच्या खुणेला बरोबर आणा. ओडोमीटर लिहून ठेवा. त्याच ऑइलची एक बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाकणासकट तोला. १,००० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच तापमानाला, त्याच खुणेपर्यंत भरा आणि बाटली पुन्हा तोला. इंजिन ऑइलचा लिटर साधारण ८५० ग्रॅम भरतो. समजा बाटली ३४० ग्रॅमने हलकी झाली, तर ४०० मिली गेलं. तारीख, किलोमीटर, ग्रॅम आणि गाडी कुठे चालली, एवढं वहीत टिपा. वॉरंटीत गाडी असेल तर हेच अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून सील लावून करून घ्या आणि लेखी घ्या.

इथे एक फसवणूक आहे, ती नीट समजून घ्या. पुण्यात किंवा ठाण्यात रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही, आणि थेट इंजेक्शनचं थोडं पेट्रोल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल जळत असतं, पेट्रोल मिसळत असतं, त्यामुळे डिपस्टिक महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मग एक दिवस तुम्ही समृद्धी महामार्गावर जाता. ७०१ किलोमीटर, १२० ची वेगमर्यादा, विदर्भाचा उन्हाळा. ऑइल तासन्‌तास गरम राहतं, पेट्रोल उडून जातं आणि नागपूरला पोचताना दिवा लागतो. मालक म्हणतो, हायवेवर गाडी अचानक ऑइल प्यायला लागली. प्रत्यक्षात शहरातली तूट त्या दिवशी उघडी पडलेली असते. म्हणून मोजणीचे १,००० किलोमीटर मिश्र असावेत आणि शेवटचं माप लांबच्या प्रवासानंतर घ्यावं. डिपस्टिक हुंगा, पेट्रोलचा ठळक वास असेल तर आधी ऑइल बदला आणि मगच मोजणी सुरू करा.

अशा प्रवासाला निघताना हिशेबही करून ठेवा. ०.५ लिटरचा दर असेल तर मुंबई-नागपूर जाऊन-येऊन सुमारे ७०० मिली लागेल. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभराचं असतं. पातळी निम्म्यावर असताना निघालात तर परतताना नक्की अडकाल. योग्य स्पेसिफिकेशनची बाटली डिकीत ठेवाच, वाटेतल्या दुकानात ती मिळेलच असं नाही.

पायरी ३: गळती बघा

हे काम लवकर उरकतं. गाडी रॅम्पवर चढवा, खालची प्लास्टिक ट्रे काढायला लावा. ट्रे असल्यामुळेच जमिनीवर थेंब दिसत नाहीत. व्हॉल्व्ह कव्हरची गॅसकेट, टायमिंग कव्हर, ऑइल फिल्टर हाउसिंग, टर्बोला जाणारी-येणारी ऑइलची नळी, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातलं रिअर मेन सील ही नेहमीची ठिकाणं. सगळं आधीच बरबटलेलं असेल तर इंजिन धुऊन घ्या, ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर निळ्या दिव्याखाली पाहा.

पायरी ४: धूर कोणत्या वेळी येतो

धूर येतो का, यापेक्षा तो कधी येतो हे विचारा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी स्टार्ट होताना निळा भपका सोडला आणि मग साफ झाली, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या सीलवर). घाटात खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून लांब उतरलात आणि खाली येऊन पाय दाबल्यावर धूर आला, तरीही व्हॉल्व्ह सील किंवा गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी). थ्रॉटल बंद असताना निर्वात वाढतो आणि ऑइल ओढलं जातं. खंडाळ्याचा उतार या परीक्षेला उत्तम आहे. मागच्या गाडीत मित्राला बसवा, आरशात नीट दिसत नाही. बूस्टवर असताना सतत धूर येत असेल तर रिंगा किंवा टर्बो.

बीएमडब्ल्यूच्या २००८ साली आलेल्या एन६३ या व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो इंजिनाच्या व्ही मधल्या खोबणीत बसवले आहेत. प्रतिसाद झकास मिळतो, पण उष्णता तिथेच कोंडते आणि व्हॉल्व्ह सील कडक होतात. असं इंजिन सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघालं की निळा ढग सोडतं. मुंबईच्या ट्रॅफिकसाठी यापेक्षा प्रतिकूल रचना सांगता येणार नाही. पोर्शेसारख्या बॉक्सर इंजिनाने मात्र थंडीत स्टार्टला थोडा धूर सोडला तर लगेच धास्तावू नका. सिलिंडर आडवे असल्याने थोडं ऑइल आत पाझरतं.

आणि धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असंही नव्हे. चांगल्या स्थितीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर लपवतो.

पायरी ५: पीसीव्ही

इंजिनच्या पोटातला वायू आणि ऑइलची वाफ वेगळी करून वायू इनटेकमध्ये परत पाठवणारी ही यंत्रणा. तिच्यात एक रबरी पडदा असतो. तो फाटला की इनटेक थेट क्रँककेसमधून ऑइल ओढू लागतो. ईए८८८ कुटुंबातल्या, म्हणजे वर आलेल्या फोक्सवॅगन समूहाच्या १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांत हा दोष इतका सर्रास आढळतो की मी त्याच्या आधी दुसऱ्या कशालाही हात लावू देणार नाही. सुपर्ब १.८ टीएसआय आणि लॉरा वीआरएस याच कुटुंबातल्या.

तपासणी अशी. इंजिन गरम, आयडलवर. ऑइल भरण्याचं झाकण सैल करा. हलकी ओढ असणं ठीक. झाकण हाताने उचलणं जड जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पडदा फाटलेला आहे. कधी ही शिट्टी गिअरबॉक्सच्या बाजूने, रिअर मेन सीलमधून येते. डिपस्टिक उचलली की ती थांबते. स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी२२७९ असे हवागळतीचे कोड सापडू शकतात. उलट झाकणातून वारा बाहेर फेकला जात असेल तर वाट तुंबलेली आहे किंवा रिंगांखालून फार वायू निसटतोय.

पीसीव्ही बदलल्यावर पुन्हा १,००० किलोमीटर मोजा. घाई करू नका.

पायरी ६: प्लग, बोरस्कोप आणि कम्प्रेशनचा फसवा निकाल

चारही प्लग काढून कापडावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा. तीन प्लगांची चिनी माती बिस्किटी रंगाची, कोरडी, आणि चौथ्यावर काळी खरखरीत पुटं, आटे ऑइलने ओले, असं दिसलं की तुमचा सिलिंडर सापडला. चारही सारखेच काळे असतील तर दोष सामाईक, म्हणजे पीसीव्ही, टर्बो किंवा सगळ्याच रिंगा. आटे वरच्या बाजूने ओले असतील तर ऑइल व्हॉल्व्ह कव्हरमधून प्लगच्या विहिरीत गळतंय, त्याचा जळण्याशी संबंध नाही.

मग बोरस्कोप, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा. पिस्टनच्या माथ्यावर काजळी असते, ती साहजिक. पण कडेला धुतल्यासारखी चकचकीत कड दिसली तर ऑइल रिंगांवरून वर येतंय. भिंतीवर उभे ओरखडे दिसले तर प्रकरण गंभीर. पोर्शेच्या ९९६ आणि ९९७ च्या सुरुवातीच्या इंजिनांत असे ओरखडे पडतात. तिथे ऑइलचा खप, एका बाजूच्या सायलेन्सरची काळी टोकं आणि टिकटिक आवाज एकत्र आले की आधी बोरस्कोपच घालावा.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. गॅरेजवाला कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो हे मोजणारी) करतो, चारही सिलिंडर उत्तम येतात, आणि तो म्हणतो, ‘रिंगा ओके.’ हे वाक्य अर्धवट खरं आहे. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः कम्प्रेशन धरतात. सर्वांत खालची, ऑइल रिंग, भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडते आणि खाचेमागच्या भोकांतून खाली सोडते. ती भोकं कार्बनने बुजली आणि रिंग खाचेत चिकटली, तरी कम्प्रेशन अगदी नव्यासारखं येऊ शकतं. लीक-डाउन टेस्टलाही (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते पाहणाऱ्या) हीच मर्यादा. ईए८८८ च्या दुसऱ्या पिढीत नेमकं हेच झालं: पातळ ऑइल रिंग, बारीक भोकं. अमेरिकेत २००९ ते २०११ च्या ऑडी ए४ आणि ए५ मालकांनी सामूहिक दावा केला, त्यात तडजोड झाली आणि पुढे सुधारित, जाड रिंगा व मोठ्या भोकांचे पिस्टन बसवले जाऊ लागले.

तरी दोन्ही टेस्ट कराच, कारण वाईट निकाल खूप सांगून जातो. लीक-डाउनमध्ये १० टक्क्यांच्या आत गळती चांगली, २० च्या पुढे चिंतेची. हवा ऑइलच्या झाकणातून ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट.

पायरी ७: ऑइल बदलून पाहा, पण आंधळेपणाने नाही

‘जाड ऑइल घाला, थांबेल,’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. २०डब्ल्यू-५० घालून टर्बो आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या इंजिनाचं नुकसान करू नका. कंपनीच्या मान्यतेच्या चौकटीतच हलायचं. हँडबुकात फोक्सवॅगन ५०२ ०० मान्य असेल तर त्या मान्यतेचं ५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा आपल्या उन्हाळ्यात बरं. डेटाशीटवर नोआक हा आकडा शोधा. २५० अंशांना तासभर तापवल्यावर किती टक्के ऑइल उडतं, ते तो सांगतो. एसीईए (युरोपीय कार उत्पादकांची संघटना) ए३/बी४ दर्जाची मर्यादा १३ टक्के आहे. मी १० च्या आतलं घेतो. ०डब्ल्यू-२० साठीच बनवलेल्या ५०८ ०० च्या इंजिनात मात्र विचारल्याशिवाय प्रयोग नको.

बदलण्याचं अंतर निम्म्यावर आणा: १५,००० ऐवजी ७,५०० किलोमीटर. चिकटू लागलेल्या रिंगा काही वेळा यानेच सुटतात, याला तीन-चार ऑइल चेंज लागू शकतात. प्लग काढून पिस्टनवर क्लीनर रात्रभर मुरवण्याचा उपायही आहे. निकाल कधी छान, कधी शून्य. करायचाच असेल तर उरलेलं द्रव ओढून काढा, प्लग न बसवता इंजिन क्रँक करून सिलिंडर रिकामे करा, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. आणि ऑइल, फिल्टर लगेच बदला.

कॅच कॅनबद्दल (ब्रीदरच्या वाटेत बसवायचा, ऑइल साठवणारा डबा) विचारणा फार होते. तो दोष बरा करत नाही, इनटेकमध्ये जाणारं ऑइल फक्त अडवतो. ट्रॅकवर वळणांत ऑइल ब्रीदरकडे फेकलं जातं तिथे त्याचा खरा उपयोग.

चालवण्यात एकच सवय लावा. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. त्याला बराच जास्त वेळ लागतो. ऑइल ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत रेडलाइनकडे (आरपीएमच्या कमाल मर्यादेकडे) जायचं नाही.

इंजिन उघडायचं ठरलंच तर

एवढं करूनही दर वाढतच असेल तर उघडा. गॅरेजला काही गोष्टी कागदावर मागा: बोअरची (सिलिंडरच्या आतल्या व्यासाची) प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली अशी मापं, नव्या रिंगांच्या टोकांमधली फट, आणि पिस्टनचा पार्ट नंबर. सुधारित पिस्टन उपलब्ध असताना जुन्याच पिस्टनवर नव्या रिंगा चढवणं म्हणजे काही हजार किलोमीटरनंतर तेच काम पुन्हा. व्हॉल्व्ह सील त्याच वेळी बदला. ईए८८८ ची दुसरी पिढी असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर सुधारित आहे का ते पाहा. तो निकामी होऊन चेन सुटल्याने पूर्ण इंजिन गेल्याची उदाहरणं आहेत. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बनही हेड हातात असताना साफ होतो.

नवीन रिंगा होनिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम घासून पाडलेल्या) बारीक रेषांवर बसायला भार लागतो. म्हणून सुरुवातीला तासन्‌तास आयडलवर ठेवणं आणि एकाच वेगात हायवेवर नेणं, दोन्ही टाळा. मध्यम थ्रॉटल द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून इंजिन ब्रेकिंग, पुन्हा थ्रॉटल, असं चालवा. आरपीएम बदलत ठेवा. पहिल्या १,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. पहिल्या काही हजार किलोमीटरांत खप थोडा जास्त राहतो, त्यामुळे काट्यावरचा आकडा ५,००० किलोमीटरनंतरचाच प्रमाण धरा.